रोग्याची हरवलेली रात्र

भाईंदरच्या खाडीकांठीं पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकविलें गेलें. भरतीचें पाणी आंत घ्यावें व उन्हानें तें आटूं द्यावें, असा मिठागरांचा सूर्याधीन क्रम. मनुष्याचें शरीरहि असेंच सूर्याधीन आहे. मेंदूच्या तळाशीं सुमारें २०,००० पेशींचा एक पुंज असतो. डोळ्यांवाटे येणाऱ्या प्रकाशावरून तो दिवसाची वेळ ठरवितो. अंधार पडला म्हणजे त्याच्याच इशाऱ्यानें मेलाटोनिन नांवाचा रस रक्तांत उतरतो व शरीर निद्रेची तयारी करितें. पेशींतील या घड्याळाची रचना उलगडणाऱ्या हॉल, रोझबॅश व यंग यांना २०१७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

त्याच मीरा-भाईंदरमधील एखाद्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागांत मात्र सूर्य उगवतहि नाहीं व मावळतहि नाहीं. दिवे अहोरात्र जळतात, यंत्रांच्या घंटा वाजतात, तपासणीसाठीं रोग्यास मध्यरात्रीं उठवावें लागतें. त्यांत मोठी शस्त्रक्रिया, वेदना व गुंगीचीं औषधें यांची भर. मग काल नीट बोलणारे आजोबा आज रात्रीं नळ्या उपसूं लागतात, मुलाला परका समजतात. घरचीं माणसें धास्तावून म्हणतात, ‘वेड लागलें!’

हें वेड नव्हे. जुनीं माणसें ज्याला ‘वातांत बरळणें’ म्हणत, तोच हा भ्रम. बहुधा तो उतरतो. तथापि त्यास क्षुल्लक समजूं नये. त्यानें रुग्णालयांतील मुक्काम लांबतो, कांहींची स्मरणशक्ति पुढें कित्येक महिने मंद राहते. निद्राभंग हेंच त्याचें एकमेव कारण नव्हे. जंतुसंसर्ग व प्राणवायूची उणीव हींहि डॉक्टरांस शोधावीं लागतात. औषधांचा भरंवसा थोडा: २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन चाचणींत हॅलोपेरिडॉलनें हा भ्रम लौकर उतरल्याचें आढळलें नाहीं.

उपाय साधे आहेत. रात्रीं दिवे मंद व आवाज कमी असावेत, तपासण्या शक्यतों एकाच वेळीं उरकाव्यात. दिवसा खिडकीचा उजेड मिळावा, डॉक्टरांच्या संमतीनें रोग्यास लौकर उठवून बसवावें. नातलगांनीं चष्मा व श्रवणयंत्र आणून द्यावें, वार व वेळ सांगावी, त्याच्याशीं वाद घालूं नये.

या भ्रमाचा दुसरा प्रकार मुका असतो. रोगी सुस्त पडून राहतो आणि पाहणारे समाधानानें म्हणतात, ‘आज शांत आहेत.’ अशा वेळीं ‘हे एरवीं असे नसतात’ हें घरच्यांनाच प्रथम उमगतें. तें त्यांनीं संकोच न करितां परिचारिकेस तत्काळ सांगावें.