सरकीच्या तेलातील संप्रेरक

पोळ्याच्या दिवशी शिंगे रंगवून मिरविला जाणारा बैल एके काळी उधळणारा गोऱ्हा होता, आणि त्याला बडविल्यानंतर त्याची रग ओसरून तो मुकाट्याने जुवाखाली मान देऊ लागला, ही गोष्ट जळगाव-धुळ्याकडील लहान पोरालाही समजावून सांगावी लागत नाही. वृषण गेले की शरीर आणि स्वभाव दोन्ही पालटतात, हे आपल्या शेतकऱ्यास पिढ्यान्पिढ्या ठाऊक होते. त्याच्या कारणाचा शास्त्रीय दाखला मात्र 1849 साली जर्मनीतील गॉटिंगेन येथे बेर्टहोल्ड यांनी दिला. कोंबड्यांचे वृषण मूळ जागेवरून काढून त्यांनी ते पोटात अन्यत्र रुजविले, तरीही तुरा वाढला, आरवणे आणि झुंजणे कायम राहिले. म्हणजे वृषणांतून रक्तावाटे काही द्रव्य सर्वांगास पोहोचत असले पाहिजे.

ते द्रव्य, टेस्टोस्टेरोन, हाती येण्यास 1935 साल उजाडले. आम्स्टरडॅम येथे लाकर यांच्या प्रयोगशाळेत वळूंच्या सुमारे 100 किलो वृषणांतून ते अवघे 10 मिलिग्रॅम निघाले. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिच्का यांनी ते कोलेस्टेरॉलपासून कृत्रिम रीत्या सिद्ध केले.

परंतु हे द्रव्य तोंडाने घ्यावे तर यकृत त्याचा फडशा पाडते, आणि टोचावे तर काही तासांतच ते नाहीसे होते. यावर रसायनशास्त्रज्ञांनी केलेली तजवीज मला अत्यंत मनोहर वाटते. टेस्टोस्टेरोनच्या रेणूस एका मेदाम्लाची शेपटी जोडली की तो ईस्टर होतो, पाण्यापेक्षा तेलात रमतो, आणि स्नायूत टोचलेल्या तेलाच्या साठ्यातून बेताबेतानेच बाहेर पडतो. रक्तातील विकरे ती शेपटी तोडतात आणि मूळ संप्रेरक मोकळे होते. शेपटी जितकी लांब तितका मुक्काम अधिक: 3 कर्ब-अणूंचे प्रोपिओनेट दोन-तीन दिवस, 7 अणूंचे इनान्थेट दोन-तीन आठवडे, तर 11 अणूंचे अनडेकॅनोएट सुमारे तीन महिने पुरते. आणि तेल तरी कोणते? इनान्थेट तिळाच्या तेलात, अनडेकॅनोएट एरंडेलात, आणि अमेरिकेत प्रचलित असलेले सिपिओनेट चक्क सरकीच्या तेलात! आपल्या जिनिंगमध्ये रुईपासून वेगळी होऊन घाण्याकडे आणि ढेपेकडे रवाना होणाऱ्या सरकीस हाही एक मान आहे.

ज्याच्या वृषणांत वा पोषग्रंथीत खरीच उणीव आहे, अशा पुरुषास हे औषध बळ, हाडांची घनता आणि कामेच्छा परत देते. चौदा वर्षे उलटूनही ज्याच्या वयात येण्याची खूण दिसत नाही, अशा मुलास तपासणीअंती काही महिने अल्प मात्रा दिली असता त्याचा आवाज फुटतो, मिसरूड येते, आणि वर्गातील टिंगल सोसून खाली गेलेली त्याची मान पुन्हा वर होते. उणीव ठरविण्यापूर्वी रक्ताचा नमुना सकाळी, आणि निदान दोन निरनिराळ्या दिवशी, घ्यावा लागतो.

माझी खरी काळजी निराळी आहे. तालमीत वा जिममध्ये धडधाकट तरुण पिळदार दंडाच्या लोभाने, डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून, हेच इंजेक्शन टोचून घेतात. बाहेरून आवक होताच पोषग्रंथी वृषणांस हुकूम पाठविणे थांबविते, वृषण आक्रसतात, आणि शुक्रजंतू इतके घटतात की जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्यास 200 मिलिग्रॅम इनान्थेट देऊन पुरुषांचे संततिनियमन साधते काय, याची परीक्षाच केली होती. रक्तही दाट होते. औषध बंद केल्यावर बहुतेकांचे शुक्रजंतू परत येतात, पण त्यास अनेक महिने लागतात. म्हणून मूल होत नाही या चिंतेने जो डॉक्टरांकडे जाईल, त्याने संकोच न धरता रिकामी कुपी आणि शेवटचे इंजेक्शन घेतल्याची तारीख सोबत न्यावी.