पैसे देऊन हसायला गेलो!

सातपाटीहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. एरवी आपण कर्ज, हप्ते, सुक्या मासळीचं पॅकिंग, बँकेची कागदपत्रं असल्या विषयांवर बोलतो. आज जरा वेगळं. आज हसण्याबद्दल बोलायचं आहे. गटाच्या दशसूत्रीत बचत आहे, बैठक आहे, कर्जफेड आहे, आरोग्य आणि शिक्षणही आहे. हसण्याचं सूत्र मात्र कुठे नाही. ते आम्ही यंदा आमच्या पदरचं जोडलं.

त्याचं असं झालं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, हे किनाऱ्यावरच्या प्रत्येकीला ठाऊक आहे. बोटी वर ओढलेल्या, सुकवणीचं काम पाऊस लागायच्या आधी आटोपलेलं. वर्षातला हाच काळ असा की बाईला दुपारी पाठ टेकायला मिळते. त्या दिवसांत गटातल्या एका ताईच्या मुलीने सांगितलं, बोरिवलीला एक कार्यक्रम आहे. दोन मुलं रंगमंचावर येतात, मागच्या पडद्यावर जुन्या, फसलेल्या, भडक सिनेमांचे तुकडे दाखवतात आणि त्यांची टर उडवतात. तिकीट तीनशे रुपये.

तीनशे म्हटल्यावर पहिला प्रश्न हिशेबाचा आला. गटाच्या बचतीला हात लावायचा नाही, हे लगेच ठरलं. जिला यायचं तिने आपले पैसे काढायचे. दुसरा प्रश्न घरचा. देवाला जातोय म्हटलं की कोणी अडवत नाही, लग्नाला जातोय म्हटलं तरी नाही. "हसायला जातोय" म्हटल्यावर एका घरी विचारणा झाली, "पैसे देऊन? घरी काय कमी हसता?" त्यावर आमच्या वहिनींनी विचारलं, "घरी कधी हसलेली बघितलीत?" मग कोणी काही बोललं नाही.

आम्ही दहा जणी निघालो. सातपाटीहून एसटीने पालघर, तिथून लोकल. डहाणू ते चर्चगेट लोकल २०१३ साली सुरू झाली, तेव्हापासून पाटी घेऊन त्या डब्यात आम्ही किती वेळा चढलो असू. पाटीशिवाय, नुसती पर्स घेऊन चढायची ही बऱ्याच जणींची पहिलीच खेप. रिकाम्या हातांचं काय करायचं ते कळत नव्हतं.

आता हा प्रकार नेमका काय असतो ते सांगतो. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात एका लहानशा स्थानिक टीव्ही केंद्रावर १९८८ साली 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात एक माणूस आणि त्याचे यंत्रमानव वाईट सिनेमे बघत बसतात आणि सिनेमा चालू असतानाच बोलत राहतात. आपण घरी टीव्हीपुढे बडबडतो ना, अगदी तसंच. पुढे ही रीत जगभर गेली. आपल्याकडे बिस्वा कल्याण रथ आणि कानन गिल या दोन कलाकारांनी 'प्रिटेन्शस मूव्ही रिव्ह्यूज' या नावाने यूट्यूबवर जुन्या हिंदी सिनेमांची अशीच फिरकी घेतली. मराठीत तर 'चला हवा येऊ द्या' घराघरात पोचलं. ऑगस्ट २०१४ मध्ये, म्हणजे आपला पालघर जिल्हा झाला त्याच महिन्यात, झी मराठीवर ते सुरू झालं. तिथे सिनेमांची नक्कल व्हायची आणि पुष्कळदा सिनेमावालीच मंडळी पाहुणी म्हणून समोर बसून हसत असायची.

पण हे सगळं काही टीव्हीने शिकवलेलं नाही. तमाशातली मावशी प्रत्यक्ष कृष्णाला उलट बोलते. भारुडातून नाथांनी ढोंगाला चिमटे काढले. शिमग्याला सोंगं काढून मोठमोठ्यांची खोड मोडायची रीत आपल्या गावांना नवी नाही. मोठ्याने सांगितलेली खोटी गोष्ट ऐकून घ्यायची, आणि मग तिची नक्कल करून सगळ्यांना हसवायचं, ही आपली जुनी विद्या आहे.

तर, अंधार झाला आणि कार्यक्रम सुरू झाला. एका मुलाच्या हातात रिमोट. सिनेमाचा तुकडा चालू करायचा, नेमक्या जागी थांबवायचा आणि एकच वाक्य बोलायचं. गंमत सगळी त्या थांबवण्यात. डॉक्टर बाहेर येतो, चष्मा काढतो, आता देवाची प्रार्थना करा म्हणतो; तिथे थांबवून मुलगा विचारतो, "मग फी देवाला द्यायची का?" वीस वर्षांनी भेटलेले भाऊ गळ्यातल्या लॉकेटवरून ओळख पटवतात, मुलगा म्हणतो, "आधार कार्ड नव्हतं तेव्हाची गोष्ट." आमच्या रांगेतल्या एका काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

मग आलं कोळीगीत. म्हणजे सिनेमातलं. चमचमती साडी, कमरेवर पाटी, पाटीत मासे, आणि नायिका गिरक्या घेतेय. मुलं साडीवर विनोद करत होती. आम्हाला दिसलं ते वेगळंच. आमच्यातली एक जण बसल्या जागेवरून ओरडली, "अगो, एक तरी म्हावरं घसरूं दे! प्लॅस्टिकचं हाय का?" पुढच्या दोन रांगा वळून हसल्या. मग आमच्या तोंडाला कोण धरतो! नायक होडीत उभा राहून गातोय. "जाळं कुठाय?" "बर्फ भरलाच नाही, पापलेट काय फुंकर मारून थंड ठेवणार?" "ओहोटी लागलीय, हा अजून गातोय, होडी चिखलात बसेल!" रंगमंचावरच्या मुलांनी रिमोट खाली ठेवला आणि आमचंच ऐकत बसली. सभागृहात त्या दहा मिनिटांत सगळ्यात जास्त हशा आमच्या रांगेला मिळाला, हे आम्ही अभिमानाने सांगतो.

कारण मैत्रिणींनो, तो सिनेमा आमच्याबद्दल होता. त्यात काय खोटं आहे ते आमच्याहून जास्त कोणाला कळणार?

तेवढ्यात एका मुलाने विचारलं, "ताई, कुठून आलात?" आम्ही सांगितलं, सातपाटी. तो म्हणाला, "तरीच! मगाचपासून सभागृहात वास येतोय." काही लोक हसले. आमच्या रांगेत क्षणभर शांतता. हा विनोद आम्हाला नवा नाही. लोकलमध्ये, एसटीत, लग्नाच्या पंगतीत तो आम्ही ऐकलाय. सिल्व्हर पापलेटला २०२३ साली महाराष्ट्राने राज्य मासा म्हणून मान दिला. तो विकणाऱ्या बाईसमोर मात्र अजून रुमाल नाकावर जातो.

आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या मावशी उभ्या राहिल्या. अजिबात न रागावता म्हणाल्या, "अरे पोरा, रविवारी आमच्या पाटीपुढे उभा राहतोस, तेव्हा नाक कुठे ठेवून येतोस?"

टाळ्या थांबेनात. तो मुलगा खाली वाकला, कान धरले आणि म्हणाला, "मावशी, जिंकलात." त्याने मोकळेपणाने मान्य केलं, हे त्याचं चांगलं. पण आम्हाला त्यातून एक गोष्ट लख्ख दिसली. प्लॅस्टिकच्या माशावरचा विनोद आणि आमच्या वासावरचा विनोद, दोन्हींना हशाच मिळतो. पहिला विनोद खोटेपणाला हसतो, दुसरा कष्टाला. हा फरक ओळखायला शिकणं म्हणजे हसायला शिकणं.

कार्यक्रमाच्या शेवटाकडे त्यांनी 'माहेरची साडी' घेतला. १९९१ चा सिनेमा. अलका कुबल यांची सोशिक सून, उषा नाडकर्णी यांची सासू. त्या काळी बायकांनी थिएटरं भरून टाकली होती. पडद्यावर सून रडतेय, सासू बोलतेय, आणि मुलं मध्ये थांबवून टोमणे मारतायत. आमच्या तरुण सुना हसून हसून लोळायच्या बाकी होत्या. पण मघाशी टाळ्या घेणाऱ्या मावशी गप्प. हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. पडद्याकडे बघत राहिल्या.

परतीच्या लोकलमध्ये विरारनंतर गर्दी कमी झाली, तेव्हा एका सुनेने विचारलं, "मावशी, तुम्हाला नाही आवडलं?"

मावशी म्हणाल्या, "आम्ही त्या सिनेमाला बायका मिळून गेलो होतो. सगळ्या रडल्या. तिच्यासाठी कोण रडत होतं? थिएटरात अंधार होता म्हणून रडता आलं. घरी कुठे रडणार?"

"पण मावशी, ती सासूला उलट एक शब्द का बोलत नाही?"

"आम्ही तरी कुठे बोललो?"

डब्यात थोडा वेळ कोणी बोललं नाही. केळवे रोडच्या आसपास मावशी आपणहून म्हणाल्या, "तुम्ही हसलात ते बरंच झालं. तुम्हाला ते खोटं वाटतंय. आम्हाला खरं वाटायचं."

या एका वाक्यावर आमच्या गटात पुढचे दोन महिने बोलणं झालं. सिनेमाला हसणाऱ्या सुना आणि सिनेमात रडलेल्या सासवा एकाच चटईवर बसून बोलल्या. त्यातून आम्हाला जे समजलं ते असं. बाईने सगळं मुकाट्याने सोसलं की शेवटी सगळ्यांना तिची किंमत कळते, ही गोष्ट आपल्याला पुन्हा पुन्हा सांगितली गेली. त्या गोष्टीला हसायलाच हवं. पण ती ऐकून जिच्या डोळ्यांत पाणी आलं तिला हसायचं नाही. तिचं रडणं खरं होतं. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी छळ केला तर तो गुन्हा आहे, हा कायदा, ४९८ अ, १९८३ सालीच आला होता. म्हणजे 'माहेरची साडी' लागला तेव्हा कायद्याला आठ वर्षं झाली होती. थिएटरबाहेर डोळे पुसणाऱ्या आमच्या मावशीला तो कोणी सांगितला नव्हता. तिकीट काढून रडायची सोय होती, तक्रारीचा रस्ता मात्र कोणी दाखवला नाही.

म्हणून आम्ही एक प्रयोग सुरू केला, आणि तो सांगायलाच आज इथे आलोय. महिन्याच्या शेवटच्या बैठकीत हिशेब झाला, वही मिटली, की अर्धा तास सिनेमा. पूर्ण नाही, पाच-दहा मिनिटांचा तुकडा. मोबाइल टीव्हीला जोडायचा. जिला बोलायचं तिने "थांबव" म्हणायचं, आणि मनात येईल ते बोलायचं. नियम दोनच. हसायचं ते गोष्टीला. गटातल्या कोणाच्या रंगाला, अंगाला, नवऱ्याला, नशिबाला नाही. आणि शेवटी प्रत्येकीने एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं: त्या बाईच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं?

पहिल्यांदा 'सूर्यवंशम' लावला. १९९९ चा अमिताभ बच्चन यांचा सिनेमा, टीव्हीवर इतक्यांदा लागलाय की मुलांनाही पाठ आहे. त्यातल्या विषाच्या खिरीवर हसून झालं. एक काकू म्हणाल्या, "आमच्या घरी खीर झाली की पहिली वाटी पोरं पळवतात, विष घालायला वेळ कुठे मिळणार?" पण हसता हसता एका सुनेच्या लक्षात आलं की त्याच सिनेमात न शिकलेला नवरा बायकोला शिकवतो आणि ती कलेक्टर होते. सगळे खीर लक्षात ठेवतात, हे कोणी लक्षात ठेवत नाही. त्या सुनेचं शिक्षण बारावीत सुटलेलं. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म कधी निघतो? घरी अजून बोलणी चालू आहेत. फॉर्म अजून भरलेला नाही. पण विचारलं तर खरं.

दुसऱ्या खेपेला सासू-सुनेचा तुकडा होता. शेवटच्या प्रश्नावर बोलताना एकीने आपल्या बहिणीचं दुखणं सांगितलं. त्यातलं काही आम्ही इथे सांगणार नाही. ते चटईवरच राहिलं. पण त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं, ते तुम्हीही लिहून घ्या. महिलांसाठी मदतीचा क्रमांक १८१. घरातल्या छळापासून संरक्षण देणारा कायदा २००५ चा. त्यात मारहाणीबरोबर शिवीगाळ आणि पैशाची अडवणूकही येते. आणि जुनं ४९८ अ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५ म्हणून आहे.

बघा, हसण्यातून आम्ही कुठे पोचलो! नुसतं कायद्याचं शिबिर ठेवलं असतं तर निम्म्या जणींनी डुलक्या काढल्या असत्या, आणि उरलेल्यांनी मनातलं मनातच ठेवलं असतं. सिनेमातल्या बाईबद्दल बोलणं सोपं असतं. तिच्याबद्दल बोलता बोलता आपलंही येऊन जातं, आणि कोणी नाव घेत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या गटातही हे करून बघा. तीनशेच्या तिकिटाची गरज नाही. एक मोबाइल, एक चटई आणि सगळ्यांनी बघितलेला एखादा वाईट सिनेमा पुरे. तुमच्या शेतीवर, तुमच्या विटभट्टीवर, तुमच्या कारखान्यातल्या पाळीवर सिनेमावाल्यांनी काय काय खोटं दाखवलंय, ते तुम्हीच सांगू शकाल. पहिल्या दिवशी कोणी बोलणार नाही, तोंडावर पदर धरून बसतील. मग एखादी म्हणेल, "थांबव." तिथून सुरुवात होते.

पुढच्या महिन्यात पुन्हा भेटू. विषय आहे, सुक्या बोंबलाचा भाव व्यापाऱ्याने नाही, आपण कसा ठरवायचा. तोही काही कमी विनोदी नाही! नमस्कार.