पाप, मोकळी इच्छा आणि कृपा



माणूस पाप आपल्या मर्जीनें करतो, कीं तें जन्मतःच त्याच्या गळ्यांत बांधलेलें असतें? ख्रिस्ती धर्मांत हा वाद सोळाशें वर्षांचा जुना आहे.

ब्रिटनचा पेलागियस म्हणे, आदामाचें पाप आदामापाशीं. मूल निर्दोष जन्मतें. देवानें आज्ञा केली, त्या अर्थीं ती पाळण्याचें बळहि दिलें. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन म्हणे, आदामाच्या पतनानें माणसाची इच्छाच रोगट झाली. कृपेवांचून ती चांगल्याकडे वळत नाहीं. ४१८ सालीं कार्थेजच्या धर्मसभेनें पेलागियसचें मत त्याज्य ठरविलें.

पण मग बाप्तिस्म्यावांचून मेलेलें तान्हें पोरहि दोषीच! ऑगस्टीननें तसेंच म्हटलें. कोणत्या आईस हें सोसेल? २००७ सालीं रोमच्या धर्मपंडितमंडळानें अशा बालकांच्या तारणाची आशा धरण्यास आधार आहे असें सांगितलें.

गॉलमधील कॅसियन साधूनें शेतकऱ्याचा दाखला दिला: मेहनतीवांचून पीक नाहीं, पण पावसावांचून मेहनतहि फुकट.

मिळालेली कृपा जाते काय? ट्रेंटच्या सभेनें १५४७ सालीं म्हटलें, महापापानें जाते, पश्चात्तापानें व पापनिवेदनानें परत मिळते. १६१८-१९ च्या डॉर्टच्या प्रॉटेस्टंट सभेनें म्हटलें, देवानें निवडलेला पडला तरी कायमचा सुटत नाहीं.

आम्हांस दोन्ही बाजूंचें मर्म असें दिसतें: एक सांगते, आपला दोष दुसऱ्यावर ढकलूं नका, दुसरी सांगते, आपल्या पुण्याचा गर्व करूं नका. पेरणी करावी, आभाळाकडेहि पाहावें. पण नुसतें आभाळाकडे पाहून पेरणी होत नाहीं.