सुरू होऊन थांबणारे इंजिन

मोटारीचे इंजिन मुळीच सुरू होत नसेल, तर गाडी बिघडली आहे एवढे तरी मालकाला निश्चित ठाऊक असते. खरी फजिती होते ती इंजिन सुरू होऊन थोड्या वेळाने थांबते तेव्हा. 2025 सालच्या पावसाळ्यात बंगळूर येथे हा अनुभव माझ्या वाट्याला आला.

माझी गाडी जुनी, कार्बोरेटरची. सकाळी ती निमूटपणे सुरू होई, दहा-पंधरा मिनिटे चाले आणि भर रस्त्यात बंद पडे. थोडा वेळ थांबले की पुन्हा सुरू! मी नवे प्लग बसविले, नवी कॉइल घेतली, कार्बोरेटर साफ करविला. दोष मात्र जागच्या जागी राहिला. अखेर जे. सी. रोडवरील एका वृद्ध उस्तादांकडे गेलो. मोटारीच्या सुट्या भागांसाठी हा रस्ता बंगळुरात प्रसिद्ध आहे.

उस्तादांनी हत्यार हाती घेतले नाही. त्यांनी माझ्या चालकाला विचारले, "गाडी थांबते कशी? दिवा विझावा तशी एकदम, की अडखळत?" प्रश्न साधा, पण मर्माचा होता. ठिणगी नाहीशी झाली, तर इंजिन बहुधा एकाएकी गप्प होते; पेट्रोल अपुरे पडले, तर ते धापा टाकत थांबते. चालक म्हणाला, "अडखळत थांबते. आणि टाकी भरलेली असली, की लवकर थांबते." हेच त्याने मला पूर्वी सांगितले होते, मी लक्ष दिले नव्हते.

उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ झाली, तरीही असे घडते. पण या शहरात, पावसाळी सकाळी, तो संशय दुबळा होता. उस्तादांनी इंजिन चालू ठेवले. ते थांबताच टाकीचे झाकण सैल केले. 'सुस्स' असा आवाज करीत हवा आत शिरली. झाकण सैल ठेवल्यावर इंजिन अर्धा तास चालले. घट्ट लावताच पुन्हा थांबले. निदान असे दोन्ही बाजूंनी पडताळावे लागते.

कारण उघड होते. टाकीतून जेवढे पेट्रोल जाते, तेवढी हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला बारीक छिद्र असते. ते नसेल, तर टाकीत निर्वात निर्माण होतो आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. भरल्या टाकीत हवेला जागा थोडी, म्हणून हा ताण लवकर वाढतो. गाडी थांबून राहिली, की फटींतून हळूहळू हवा झिरपते आणि इंजिन पुन्हा चालते.

हे कुलूपबंद, छिद्र नसलेले झाकण मीच बसविले होते. पेट्रोल हिशेबापेक्षा कमी भरे, आणि माझा संशय चालकावर होता.

उस्तादांनी मग तेलाची पट्टी ओढून हुंगली. तेलाला पेट्रोलचा वास येत होता. पंपातील रबरी पडद्याला चीर गेली होती. तेथून पेट्रोल इंजिनच्या तेलात उतरत होते. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि जुन्या गाड्यांचे रबर त्याला टिकेलच असे नाही. उस्तादांनी पडदा बदलला, पातळ झालेले तेल बदलले आणि सच्छिद्र झाकण बसविले.

आजच्या गाड्यांत संगणक दोषाचा क्रमांक दाखवितो. पण तो क्रमांक कोठे पाहावे एवढेच सुचवितो. गाडी केव्हा थांबते, कशी थांबते, हे रोज ती चालविणाऱ्यालाच ठाऊक असते.

परतताना मी चालकाची क्षमा मागितली. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "साहेब, त्या कुलपाची किल्ली तेवढी आता तुमच्याकडेच ठेवा."