टंचाईच्या आधीचा करार



या परिषदेचा अध्यक्ष म्हणून थेट विषयाकडे वळतो. हवामान बदलते आहे की नाही, हा वाद आता या सभागृहात कोणी घालत नाही, आणि ते बरेच झाले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अहवालानुसार 1901 ते 2018 या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे 0.7 अंशाने वाढले. त्याच संस्थेतील अभ्यासकांनी 2017 मध्ये दाखवून दिले होते की, मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 दरम्यान तिपटीने वाढल्या. म्हणजे पाऊस नुसता कमी किंवा जास्त झालेला नाही, त्याची चाल बिघडली आहे. मराठवाड्याने दहा वर्षांच्या आत 2016 मधली लातूरची पाण्याची रेल्वे पाहिली आणि सप्टेंबर 2025 मध्ये खरडून गेलेली शिवारेही पाहिली. सरासरी पर्जन्यमान हा आकडा दोन्ही वर्षी कागदावर होता. दोन्ही वर्षी त्याचा कोणाला काही उपयोग झाला नाही.

आपल्या धंद्यातला एक शब्द इथे महत्त्वाचा आहे : विश्वासार्हता. आपले सिंचन प्रकल्प 75 टक्के, काही अवर्षणप्रवण भागांत 50 टक्के विश्वासार्हतेवर आखले गेले. 75 टक्के विश्वासार्हता म्हणजे शंभरातली पंचाहत्तर वर्षे धरणाला अपेक्षित पाणी मिळेल. उरलेल्या पंचवीस वर्षांचे काय, याचे उत्तर प्रकल्प अहवालात बहुधा सापडत नाही. त्या वर्षी आधी कोणाचे आवर्तन बंद होईल, कोणत्या उद्योगाचे किती पाणी कापले जाईल, नदीकाठच्या गावाने किती घ्यायचे, हे लिहिलेलेच नसते. मागच्या पन्नास-साठ वर्षांच्या नोंदींवरून काढलेली ही विश्वासार्हता आता डळमळीत झाली आहे, आणि त्यामुळे न लिहिलेले पानच सर्वांत महत्त्वाचे ठरू लागले आहे. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे : हवामान बदलाशी जुळवून घेण्याचे पहिले काम बांधकामाचे नाही, वाटपाचा करार टंचाईच्या आधी लिहून ठेवण्याचे आहे. समाज, शासन आणि उद्योग या तिघांच्याही बाबतीत ते खरे आहे.

2016 चा उन्हाळा आठवून पाहा. मांजरा धरण कोरडे पडले आणि एप्रिलमध्ये मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरच्या लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या आणि पाणी होते पाच लाख लिटर. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवायला सांगितले. औरंगाबाद खंडपीठाने तिथल्या मद्यनिर्मिती कारखान्यांचे पाणी टप्प्याटप्प्याने 60 टक्क्यांपर्यंत कमी करण्याचा आदेश दिला. न्यायालयांना दोष द्यायचे कारण नाही. कोणीच निर्णय घेत नव्हते म्हणून त्यांनी घेतला. पण मैदानावर किती पाणी मारायचे आणि बिअरच्या कारखान्याला किती द्यायचे, हे ऐन एप्रिलमध्ये न्यायाधीशांनी ठरवावे लागते, तेव्हा प्रशासनाचे ऑक्टोबरचे काम राहून गेलेले असते. पावसाळा संपताच धरणातला साठा कळतो. पुढचे आठ महिने त्यात फारशी भर पडणार नसते. जे एप्रिलमध्ये ठरले ते सहा महिने आधी ठरले असते, तर कारखान्याने उत्पादन आखले असते आणि उसाच्या नव्या लागवडीचाही विचार झाला असता.

असा करार आपल्याकडे झालाच नाही असे मात्र नाही. गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाचे उदाहरण या बाबतीत देशात लक्षणीय आहे, आणि आपण त्याची चर्चा फक्त भांडण म्हणून करतो याचे मला वाईट वाटते. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा 2005 चा. त्यातल्या कलम 12(6)(ग) मध्ये खोऱ्यातल्या धरणांनी टंचाई समन्यायाने वाटून घ्यावी, असे तत्त्व आहे. मेंढेगिरी समितीने त्याला आकडे दिले आणि प्राधिकरणाच्या 2014 च्या आदेशाने ते अमलात आले : 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा 65 टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर नाशिक-नगरच्या वरच्या धरणांतून ठरलेल्या सूत्राने पाणी सोडायचे. 2015 मध्ये 12.84 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडण्याचा आदेश निघाला, 2023 मध्ये सुमारे 8.6 टीएमसीचा. दर वेळी मोर्चे निघाले, याचिका झाल्या, पोलीस बंदोबस्तात दरवाजे उघडले गेले. तरीही पाणी सुटले. भांडण होते, पण आता ते सूत्रातल्या आकड्याभोवती होते. खालच्या माणसाला हक्क आहे की नाही, हा प्रश्न मागे पडला. हा फरक मी छोटा मानत नाही. ज्या राज्यात दोन तालुके एका कालव्यावरून वर्षानुवर्षे बोलत नाहीत, तिथे तारीख, टक्केवारी आणि सूत्र ठरलेले असणे ही मोठी मजल आहे.

यावर अभियंते एक रास्त आक्षेप घेतात. कोरड्या नदीपात्रातून सोडलेल्या पाण्याचा मोठा भाग वाटेतच मुरतो, काही वाळूच्या खड्ड्यांत अडकतो, काही काठावरच्या मोटारी ओढतात. मग वरच्यांचे गेले आणि खालच्यांना पोचले नाही, असे होते. आक्षेप खरा आहे, पण त्याचा रोख नियमावर नसून विलंबावर असायला हवा. पाणी नोव्हेंबरच्या अखेरीस सोडले तर पात्र सुकलेले असते. पावसाळा संपता संपता, पात्र ओले असताना सोडले तर घट कमी होते. विलंब होतो तो याचिकांमुळे आणि मंत्रालयातल्या चालढकलीमुळे. 65 टक्क्यांचा आकडा बदलावा का, यावर खुशाल पुनर्विचार व्हावा, आकडे दर काही वर्षांनी तपासलेच पाहिजेत. पण तो पुनर्विचार चांगल्या पावसाच्या वर्षी व्हावा. दुष्काळात मोजपट्टी बदलायला बसलेला माणूस तटस्थ राहत नाही.

दुसरा आक्षेप अधिक लोकप्रिय आहे : वाटपाचे एवढे कशाला, पश्चिमवाहिनी नद्यांचे पाणी वळवून गोदावरीत आणा, तूटच मिटेल. वळवता येईल तेवढे जरूर वळवावे. पण घाटमाथ्यावरून आलेले पाणी आधी वरच्या धरणांत पडणार आहे, आणि वाटपाचा नियम सैल असेल तर ते तिथल्याच नव्या लागवडीत मुरणार आहे. तूट खाली सरकेल, मिटणार नाही.

हेच शेताच्या बांधावर कसे घडते ते जरा जवळून पाहू. 'मागेल त्याला शेततळे' ही योजना 2016 मध्ये आली. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल असे एक तळे घ्या. कल्पना अशी की, पावसाचे वाहून जाणारे पाणी त्यात उतरावे आणि खंड पडला की पिकाला एक संरक्षित पाणी मिळावे. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी तळ्याचे काठ जमिनीच्या वर उचललेले असतात, आत जाड प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, आणि वाहते पाणी आत यायला वाटच नसते. तळे भरते ते विहिरीवरच्या किंवा बोअरच्या मोटारीने. सगळ्यांच्या पायाखालचे पाणी असे एकाच्या सातबारावर उघड्यावर येऊन पडते. 900 चौरस मीटरच्या पृष्ठभागावरून उन्हाळ्यात रोज 8 मिलिमीटर पाणी उडाले, तर दिवसाला 7,200 लिटर होतात. जलजीवन मिशनच्या माणशी 55 लिटरच्या निकषाने ते एकशेतीस माणसांचे रोजचे पाणी आहे. द्राक्ष किंवा डाळिंबाच्या बागायतदाराला मी दोष देत नाही. लाखोंचे कर्ज बागेवर असलेला माणूस दुसरे काय करणार? त्याच्यापुरते हे जुळवून घेणेच आहे. पण त्याच्या जुळवून घेण्याची किंमत शेजारच्या उथळ विहिरीचा मालक मोजतो. अनुदान देताना शासनाने तळ्याची लांबी-रुंदी मोजली, पाणी कुठून येणार हे पाहिले नाही.

समाजाच्या पातळीवर या प्रश्नाला उत्तर देणारे गाव म्हणून हिवरे बाजारचे नाव येते, आणि ते इतके येते की लोक कंटाळतात. तिथल्या चरांचे आणि बांधांचे फोटो सगळ्यांनी पाहिले आहेत. मला त्यांच्या ग्रामसभेचा ताळेबंद जास्त मोलाचा वाटतो. किती पाऊस पडला ते मोजायचे, विहिरींची पातळी पाहायची, माणसे आणि जनावरे यांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढायचे आणि उरेल त्यावर रब्बीत काय पेरायचे ते ठरवायचे. सिंचनासाठी बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही. पाणलोटाची कामे राज्यात हजारो गावांत झाली. असा ताळेबंद फारच थोड्या गावांनी मांडला, आणि मला वाटते कामांची फळे टिकली की आटली याचे मुख्य कारण तिथेच आहे.

हिवरे बाजारच्या पोपटराव पवारांसारखे नेतृत्व प्रत्येक गावाला कुठून मिळणार, असे लगेच विचारले जाते. मिळणार नाही. म्हणूनच कायदा हवा असतो, आणि तो आपल्याकडे आहे. 2009 चा भूजल अधिनियम 2014 पासून लागू झाला. त्यात साठ मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला खोल विहीर म्हटले आहे आणि सिंचनासाठी अशा विहिरींवर बंधने घातली आहेत, पाणलोट समित्या आणि पीक आराखड्याची तरतूद आहे. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. मराठवाड्यात आज बोअरची गाडी किती फुटांवर थांबते, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

शेतकरी संघटनांचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. बंधने घालता, पण पर्याय काय देता? ऊस हे असे पीक आहे की ज्याला ठरलेले गिऱ्हाईक आहे, कायद्याने बांधलेला रास्त व किफायतशीर दर (एफआरपी) आहे आणि चौदा दिवसांत पैसे देण्याचा नियम आहे, मग तो कितीही वेळा मोडला जावो. अवेळी पावसाने सोयाबीन शेंगेत कुजते, ऊस त्यामानाने तग धरतो. तूर-सोयाबीनचा हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी केंद्रावर बारदाना नसतो. म्हणजे आज ऊस लावणे हाच शेतकऱ्याचा शहाणपणाचा विमा आहे. खरा पीक विमा मात्र धरसोडीत सापडला. 2023 मध्ये एक रुपयात विमा आला, बोगस अर्जांचा गाजावाजा झाला आणि 2025 मध्ये ती सवलत गेली. तेव्हा पाण्याचा करार एकतर्फी असून चालणार नाही. ज्या गावाने ताळेबंद मांडून कमी पाण्याची पिके घेतली, त्या गावाच्या तुरीची आणि ज्वारीची हमीभावाने खरेदी करण्याचे शासनानेही लिहून दिले पाहिजे. याला पैसा लागेल. पण खरडून गेलेल्या जमिनींसाठी आणि टँकरसाठी आपण खर्च करतोच आहोत, तोही घाईत आणि बिनहिशेबी.

उद्योगांविषयी थोडक्यात बोलतो, कारण त्यांचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. त्यांच्याकडे पैसा आहे, मीटर आहे, हिशेब ठेवणारी माणसे आहेत. 2019 च्या उन्हाळ्यात चेन्नईतल्या काही माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांना पाणी नाही म्हणून कर्मचाऱ्यांना घरून काम करायला सांगावे लागले. सामाजिक दायित्वाच्या निधीतून दूरच्या गावात बंधारा बांधून ही जोखीम टळत नाही. आपल्या कारखान्याचे पाणी कोणत्या धरणातून येते, त्या धरणावर आणखी कोणाचा हक्क आहे आणि साठा निम्म्यावर आला तर आपण स्वतःहून किती कपात सोसू, हे कंपनीने आधीच जाहीर करावे. शहराचे सांडपाणी शुद्ध करून वापरणे हा खर्च न मानता त्या कपातीची तयारी मानावी.

हवामान बदलवणारे प्रदूषण आपण केले नाही, मग सोसायचे आपणच का, असाही एक सूर असतो. नैतिकदृष्ट्या तो बरोबर आहे, आणि आंतरराष्ट्रीय बैठकांत तो जोरात लावलाच पाहिजे. पण मांजऱ्याच्या पाण्याचे वाटप कुठल्याही परदेशी राजधानीत ठरत नाही.

म्हणून या परिषदेला माझी विनंती आहे. समारोपाच्या सत्रात आणखी एका अभ्यास समितीचा ठराव करू नका. प्रत्येक मोठ्या आणि मध्यम प्रकल्पावर, साठा 75, 50 आणि 25 टक्के असताना कोणाला किती पाणी मिळेल याचा एकपानी तक्ता कालवा सल्लागार समितीने 15 ऑक्टोबरपूर्वी जाहीर करावा, एवढीच मागणी शासनाकडे करा. जलसंपदा खात्यातल्या मित्रांनी त्याचा मसुदा वरून आदेश येण्याची वाट न पाहता याच महिन्यात आपापल्या प्रकल्पासाठी तयार करावा. त्यासाठी लागणारे आकडे तुमच्याच कार्यालयात आहेत.