आधी विचारायला शिका



अर्थशास्त्रात संशोधन करायचं म्हटलं की आपल्याकडच्या मुलांना दिल्ली दिसते, फार तर पुणे-मुंबई. कोल्हापूर कुणाला दिसत नाही. पुण्याच्या गोखले संस्थेनं मात्र याच शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी करून तीन खंड काढले आहेत. एन. व्ही. सोवनी यांचा पहिला खंड १९४८ सालचा, लोकसंख्या आणि जननमानावरचा. पुढचे दोन उद्योग-व्यापार-कामगार आणि कुटुंबांच्या राहणीमानावर. संस्थान विलीन झालं १९४९ च्या मार्चमध्ये. म्हणजे या कामात मोजलं गेलं ते संस्थानी कोल्हापूर. पुढं याच सोवनींनी १९६४ साली, गरीब देशांत उद्योगधंद्यांच्या मानानं शहरं फाजील वाढली आहेत, या तेव्हाच्या प्रतिष्ठित मताला आव्हान दिलं. पाश्चात्त्य देशांच्या वाढीचा गज लावून आपली शहरं मोजू नका, असा त्यांचा मुद्दा. ते प्रतिष्ठित मत खोडून काढायचा अधिकार घरोघरची पाहणी केलेल्याला होता, असं मला वाटतं.

उपयोजित अर्थशास्त्र म्हणतात ते हेच. सरकार एक धोरण आखतं. प्रत्यक्षात काय घडलं ते कुणीतरी जाऊन बघावं लागतं. वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनी १९४८ च्या मुंबई कुळकायद्याचं काय झालं ते असंच तपासलं. अहवाल आला १९५७ साली. कायदा कुळाला संरक्षण देत होता आणि कुळं जमिनी सोडत होती, तीही कागदावर ‘स्वखुशीनं’! राजीनाम्याखाली अंगठा आहे म्हणजे खुशी आहे, असं समजणारा संशोधक तलाठ्याच्या दप्तरातून रिकामाच परत येतो.

आता विचारणं किती अवघड असतं, ते सांगतो. एखाद्या माउलीला विचारा, ‘गेल्या महिन्यात भाजीला किती गेले?’ ती अंदाजानं सांगणार. ‘गेल्या आठवड्यात?’ म्हटलं तर आठवून सांगणार, आणि महिन्याचा हिशेब केला तर आकडा बहुधा वाढलेला निघणार. १९९९-२००० च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत खाण्यापिण्याचा खर्च एकाच घराला सात दिवसांचा आणि तीस दिवसांचा असा दोन्ही विचारला. एक उत्तर दुसऱ्यात मिसळलं, आणि देशातली गरिबी नेमकी किती घटली यावर अर्थतज्ज्ञांचा वर्षानुवर्षं वाद चालला. २०२२-२३ च्या पाहणीत भाजी, अंडी यांसाठी सात दिवस, कपड्यालत्त्यासाठी वर्षभर आणि बऱ्याचशा इतर गोष्टींसाठी तीस दिवस, अशी वाटणी आहे. म्हणून तिचे आकडे जुन्या आकड्यांशेजारी ठेवून ‘गरिबी संपली’ म्हणणाऱ्याला आधी प्रश्नावली वाचायला सांगा.

विषय कुठून आणायचा? कोल्हापुरात गुळाच्या अडतीवर जाऊन बसा. गुऱ्हाळं कमी होत चालली, हे तिथं कुणीही सांगेल. कारण विचारलंत तर साखर कारखाना म्हणतील, मजूर मिळत नाही म्हणतील, साखरमिश्रित गूळ म्हणतील. तिन्ही खरी असतील. पण कुणाचा वाटा किती? एकाच गावात एक गुऱ्हाळ बंद पडलं आणि शेजारचं चालू राहिलं, असं का? या ‘किती’ आणि ‘का’ साठीच संख्याशास्त्र शिकायचं असतं. आमच्याकडे मुलं उलट करतात. आधी संगणकावरचं तंत्र शिकतात आणि मग त्याला पुरेल असा प्रश्न शोधत फिरतात.

पुढं बसलेल्या पालकांच्या मनातलं मला कळतंय: पोट भरतं का? नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली तर २०२३ पासूनच्या दरानं पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, नंतर ४२ हजार, शिवाय घरभाडं. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्याही अधिछात्रवृत्त्या आहेत. पुढं रिझर्व्ह बँकेचे संशोधन विभाग, केंद्रीय लोकसेवा आयोगातून मिळणारी भारतीय आर्थिक सेवा, विद्यापीठं आणि खाजगी संशोधन संस्था. जागा थोड्या, वाट लांब. इंजिनिअर झालेला चुलतभाऊ तोवर फ्लॅट घेऊन मोकळा होईल. ते खपवून घेता येत नसेल तर या वाटेला येऊ नये.

येणाऱ्यांना दोन गोष्टी सांगतो. कला शाखेत आलो म्हणून गणित सोडू नका, एम.ए.च्या प्रवेशपरीक्षेत नेमकं तेच आडवं येतं. आणि नमुना पाहण्यांची घरोघरची मूळ माहिती केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. सुट्टीत ती उतरवून घ्या, कोल्हापूर जिल्ह्यातली घरं वेगळी काढा आणि सरासरी काढायच्या आधी ती घरं किती आहेत ते मोजा. इतक्या थोड्या घरांवरून जिल्ह्याबद्दल छातीठोकपणे काय म्हणता येईल, यावर तुमच्या प्राध्यापकांशी भांडण झालं, तर संशोधनाला सुरुवात झाली असं धरून चाला.