विकत घेतलेले आपले असते काय?

(पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या घरांत थोरल्याचे पुस्तक धाकट्याकडे जाते, तेथून शेजारच्या मुलीकडे. पुठ्ठा बदलतो, नावे खोडली जातात, पुस्तक चालतच राहते. त्यासाठी आपण कोणाची परवानगी मागत नाही. अमेरिकेत एका प्रकाशकाने कादंबरीवर छापले होते की, ही एक डॉलरहून कमी किमतीस विकू नये. मेसी या दुकानाने ती ८९ सेंटला विकली. १९०८ साली तेथील सुप्रीम कोर्टाने निर्णय दिला की, एकदा विकलेल्या प्रतीवर प्रकाशकाला अशी अट लादता येत नाही.

आता दुसरी हकीकत ऐका. जुलै २००९ मध्ये अमेझॉन कंपनीने ग्राहकांच्या किंडल या वाचनयंत्रांतून जॉर्ज ऑर्वेलची पुस्तके परस्पर काढून घेतली. ती पुरविणाऱ्याकडे हक्कच नव्हते, असे कारण सांगितले. पैसेही परत केले. (त्यांतली एक कादंबरी, '१९८४', नागरिकांवर अहोरात्र पाळत ठेवणाऱ्या राजवटीची!) एका विद्यार्थ्याने अभ्यासासाठी केलेली टिपणे मात्र निरुपयोगी झाली. तो कोर्टात गेला. कंपनीचे प्रमुख जेफ बेझोस यांनी जाहीर माफी मागितली. पण दुकानदाराने रात्री आपल्या कपाटातून पुस्तक नेले आणि उशाशी पैसे ठेवले, तर त्याला आपण काय म्हणू?

गोम अशी की, तेथे पुस्तक विकलेले नसते. वाचण्याचा परवाना दिलेला असतो. बटणावर मात्र 'खरेदी करा' असेच लिहिलेले. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून परवाना असेल तर तसे स्पष्ट सांगणे विक्रेत्याला कायद्याने भाग आहे. कंपन्यांची बाजू अगदीच खोटी नाही. फुकट नकला काढण्यात आपलेही हात स्वच्छ नाहीत. तरी शब्द फसवा तो फसवाच.

आमच्या एका पालकांनी उसनवारी करून मुलीसाठी टॅब्लेट आणि त्यातील दहावीचे धडे घेतले. परीक्षा झाली आणि धडे बंद पडले. धाकटा तेव्हा नववीत. पावती घेऊन ते माझ्याकडे आले. आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, जिल्हा ग्राहक आयोग आहे, १९१५ या क्रमांकावर तक्रारही सांगता येते. परंतु अटींत इंग्रजीत स्पष्ट होते : एक विद्यार्थी, एक वर्ष. मी अर्थ सांगितला. ते एवढेच म्हणाले, "सर, हे आधी कोणी वाचून दाखवले असते तर!"

तेव्हापासून दर शनिवारी शाळा सुटल्यावर मी तासभर थांबतो. ज्यांना असे काही घ्यायचे असेल त्यांनी पैसे देण्यापूर्वी अटी घेऊन यावे. इंग्रजी येत नाही म्हणून संकोच करू नये.